होम थिएटरची जोडणी : केबल घेण्याआधी

घरच्या थिएटरमधले चित्र जास्तीत जास्त किती चांगले दिसेल, हे टीव्हीच्या किमतीआधी त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या जोडणीवर ठरते. पंचावन्न इंची ४के टीव्हीच्या पाठीमागे पिवळ्या टोकाची वायर खोचलेली असेल, तर तो टीव्ही ५७६ ओळींचे जुनेच चित्र ताणून मोठे करतो आणि दाखवतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात अशी वायर अजून अनेक भिंतींवर लोंबताना दिसते आणि त्यामागे इतिहास आहे. केबल टीव्हीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरे होती. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही त्यांत होती आणि मुदत ३१ मार्च २०१३ ची होती. त्या धांदलीत केबलवाल्याने घरोघरी सेट-टॉप बॉक्स बसवले, आणि प्रत्येक बॉक्सबरोबर लाल-पांढरी-पिवळी अशी तीन टोकांची वायर आली. तेव्हा घरात बहुधा ट्यूबचाच टीव्ही होता, त्यामुळे ती वायर योग्यच होती. पुढे सपाट टीव्ही आला. २०१६ मध्ये स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी यांच्या एचडी वाहिन्या सुरू झाल्या, बॉक्सही एचडी झाले. वायर मात्र बदलायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. दर महिन्याला एचडीचे जादा पैसे भरायचे आणि चित्र साध्या वाहिनीचे पाहायचे, असा हा व्यवहार.

तीन टोकांपैकी लाल आणि पांढरे आवाजाचे, पिवळे चित्राचे. या पिवळ्या तारेला कॉम्पोझिट म्हणतात. तिच्यात उजेड-अंधाराची माहिती आणि रंगांची माहिती एकत्र कालवून पाठवलेली असते. भारतात वापरल्या गेलेल्या पाल पद्धतीत रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या उपवाहकावर बसवतात. टीव्हीला हे मिश्रण पुन्हा वेगळे करावे लागते आणि ते कधीच पुरते वेगळे होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. बातम्या लावाव्यात आणि पडद्याखालून सरकणाऱ्या पट्टीतल्या अक्षरांच्या कडा जवळ जाऊन पाहाव्यात. कडांवर रंगीत ठिपके वळवळत असतील, किंवा निवेदकाच्या बारीक चौकटीच्या शर्टावर निळ्या-केशरी लाटा उमटत असतील, तर चित्र पिवळ्या तारेतून येत आहे. एचडी बॉक्सच्या पिवळ्या छिद्रातून एचडी चित्र बाहेर पडतच नाही. बॉक्स ते आधी ५७६ ओळींवर उतरवतो आणि मग सोडतो. त्यामुळे त्या जागी कितीही जाड, कितीही महागडी पिवळी वायर लावली तरी फरक शून्य.

कॉम्पोझिटच्या वरच्या दोन पायऱ्या आता बहुतांशी इतिहासजमा झाल्या आहेत. एस-व्हिडिओच्या चार पिनांच्या गोल जोडणीत उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जात, त्यामुळे वळवळणारे ठिपके थांबत. ओळी मात्र तेवढ्याच राहत. हिरवी-निळी-लाल अशी तीन टोकांची कॉम्पोनंट जोडणी त्याहून बरीच सरस, कारण ती अ‍ॅनालॉग असूनही एचडी चित्र वाहू शकते. पण चित्रपट कंपन्यांना अ‍ॅनालॉग वाट नको होती, कारण तिच्यावरून नक्कल करणे सोपे. ब्लू-रेच्या परवान्यातील अटींनुसार २०१० नंतरच्या नव्या प्लेअरांना अ‍ॅनालॉग वाटेने साधेच चित्र देण्याची मुभा राहिली आणि २०१३ नंतरच्या प्लेअरांतून ती वाटच काढून टाकली गेली. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी, जुना डीव्हीडी प्लेअर किंवा मुलांचा जुना गेम यांच्यासाठी पिवळी किंवा तिरंगी वायर जपून ठेवावी. ठाण्यातल्या बाळकुमसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत तिची साधी टोके काळपट-हिरवी पडतात आणि चित्र लुकलुकते. सोन्याचा मुलामा दिलेली टोके तेवढ्यापुरती उपयोगी, कारण ती गंजत नाहीत. मुलाम्याने रंग खुलतात, हे मात्र दुकानातले बोलणे झाले. व्हीजीए आणि डीव्हीआय या संगणकाच्या जोडण्या. त्यांतून आवाज येत नाही, एवढे सांगून त्यांना बाजूला ठेवता येते.

आज उरते ती एचडीएमआय. हिताची, मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी मिळून डिसेंबर २००२ मध्ये तिची पहिली आवृत्ती आणली. १९ पिनांच्या एकाच टोकातून चित्र, आवाज, यंत्रांचे आपसातले बोलणे आणि नकलेविरुद्धचे कुलूप, सगळे जाते. चित्र अंकांच्या रूपात जात असल्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : चांगल्या एचडीएमआय केबलने काळा रंग अधिक काळा होत नाही, चेहरे अधिक गुळगुळीत होत नाहीत. अंक पोहोचले तर चित्र जसेच्या तसे पोहोचते. थोडे अंक गळले तर पडद्यावर पांढरे ठिणगीसारखे ठिपके चमकतात. जास्त गळले तर पडदा दोन-चार सेकंद काळा होऊन परत येतो, नाहीतर येतच नाही. अधलेमधले, जरासे मंद चित्र अशी अवस्था या तारेत नसते. तसे दिसत असेल तर दोष तारेत शोधण्यात वेळ घालवू नये. तो बहुधा सेटिंगमध्ये असतो.

मग केबलींमध्ये फरक कशाचा? दर सेकंदाला किती अंक सुखरूप पोहोचतात, याचा. ४केच्या एका चित्रचौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. अशा ६० चौकटी दर सेकंदाला पाठवायच्या, प्रत्येक बिंदूचे तीन रंग, शिवाय चौकटींमधली मोकळी जागा आणि संकेतांचा वरखर्च धरला की गरज १७.८२ गिगाबिटवर जाते. हाच हिशेब सेट-टॉप बॉक्सच्या १०८०आय चित्राला सव्वादोन गिगाबिटच्या आत बसतो आणि ब्लू-रेच्या पूर्ण १०८०पी चित्राला, अगदी ६० चौकटींनी पाठवले तरी, साडेचारच्या आत. चित्रपट २४ चौकटींचा असतो, त्यामुळे ४के असूनही तो साधारण ८.९१ गिगाबिटमध्ये पाठवता येतो. पण स्ट्रीमिंगचे खोके नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळेच ६० चौकटींनी पाठवतात. त्यात एचडीआर (उजेड-अंधाराचा वाढीव पल्ला) आले की रंगाची माहिती पाव हिश्शावर आणूनसुद्धा ११ गिगाबिटच्या वर जावे लागते. चौकटींचा दर चित्रपटाप्रमाणे ठेवला की जुन्या केबलीवर चित्रपट चालतो, पण मुखपृष्ठावर येताच पडदा काळा होतो, अशी तक्रार असते तिचा उलगडा या आकड्यांत आहे.

केबलींचे वर्ग या हिशेबावरच पडले आहेत. हाय स्पीड म्हणजे १०.२ गिगाबिट, प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. एचडीएमआयच्या आवृत्त्या, म्हणजे २००९ ची १.४, २०१३ ची २.० आणि २०१७ ची २.१, या यंत्रांच्या असतात. केबलीला आवृत्ती नसते. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ‘२.१’ आणि ‘८के’ छापलेले असते तेव्हा त्या छपाईला कोणी तपासलेले नसते. तपासणीची खूण वेगळी आहे : प्रीमियम आणि अल्ट्रा या दोन्ही वर्गांच्या प्रमाणित केबलींच्या खोक्यावर क्यूआर कोड असलेले लेबल असते आणि ते एचडीएमआयच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करून पाहता येते. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरच्या बाजारातून घ्यावी किंवा ऑनलाइन मागवावी, लेबल स्कॅन झाल्याशिवाय वेष्टन फाडू नये. टीव्हीच्या खोक्यावरचे ‘२.१’ देखील जपून वाचावे. या आवृत्तीतली बहुतेक वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत, त्यामुळे चारपैकी दोनच पोर्टांना पूर्ण वेग, बाकीच्यांना जुनाच, असे टीव्ही सर्रास मिळतात. ते कोणते दोन, हे पुस्तिकेत पाहावे लागते.

एवढे करूनही ४के दिसेल याची हमी नसते, कारण चित्र क्वचितच एका यंत्रातून थेट दुसऱ्यात जाते. प्लेअर ते आवाजाचा रिसीव्हर, रिसीव्हर ते टीव्ही, मध्ये कुठे एखादा स्प्लिटर किंवा स्विच. सोसायटीच्या गच्चीवर कितीही मोठी टाकी असली तरी बादलीत पाणी येते ते घरातल्या अर्ध्या इंची नळाच्या हिशेबाने. तसेच इथे सगळ्यांत जुने यंत्र जेवढे पेलेल तेवढेच शेवटाला पोहोचते. त्यातही दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. एक वेगाची मर्यादा, दुसरी कुलपाची. ४केच्या विकत किंवा वर्गणीच्या चित्रपटांना एचडीसीपी २.२ हे कुलूप लागते आणि साखळीतल्या प्रत्येक यंत्राकडे त्याची किल्ली असावी लागते. डिजिटायझेशनच्या आसपास घेतलेला, आवाजाला आजही उत्तम असलेला रिसीव्हर मधे बसला की प्लेअर ४के द्यायला नकार देतो. कधी मुकाट्याने १०८०पीवर उतरतो, कधी काळ्या पडद्यावर सूचना दाखवतो. घरातले लोक केबल बदलत राहतात आणि केबलीचा काही संबंध नसतो.

अशा वेळी रिसीव्हर भंगारात काढायची गरज नाही. चित्र आणि आवाज यांच्या वाटा वेगळ्या कराव्यात. प्लेअर सरळ टीव्हीला जोडावा आणि आवाज टीव्हीतून रिसीव्हरकडे परत आणावा. त्यासाठी टीव्हीच्या एकाच ठरावीक एचडीएमआय पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी असे लिहिलेले असते आणि परतीचा आवाज त्याच पोर्टातून येतो, शेजारच्या नाही. एआरसीतून साधा स्टिरिओ, डॉल्बी डिजिटल ५.१ आणि स्ट्रीमिंगवरचे डॉल्बी अ‍ॅटमॉस येऊ शकते. ब्लू-रे डिस्कवरचा काहीही न गमावता साठवलेला आवाज, म्हणजे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, हवा असेल तर दोन्हीकडे ईएआरसी पाहिजे. ऑप्टिकल वायर ही त्याखालची तडजोड : ५.१ येते, अ‍ॅटमॉस येत नाही. ज्या घरात डिस्क प्लेअर नाही आणि सगळे चित्रपट स्ट्रीमिंगवर पाहिले जातात, तिथे साधी एआरसी पुरते आणि केवळ ईएआरसीसाठी नवा साऊंडबार घेणे हा शुद्ध अपव्यय आहे.

सेटिंगकडे लोक शेवटी वळतात, वळायला हवे आधी. बहुतेक टीव्ही कारखान्यातून येतात तेव्हा त्यांची एचडीएमआय पोर्टे जुन्या, कमी वेगावर ठेवलेली असतात, म्हणजे जुनी यंत्रे अडू नयेत. पूर्ण वेगाची कळ प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाखाली ठेवली आहे : सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. ती ज्या पोर्टात खोका लावला आहे त्याच पोर्टासाठी चालू करावी लागते. खोक्याच्या बाजूने चौकटींचा दर मूळ चित्राप्रमाणे ठेवण्याचा पर्याय असेल तर तो निवडावा, नाहीतर २४ चौकटींचा चित्रपट ६० मध्ये बसवताना कॅमेरा सावकाश फिरण्याच्या दृश्यांत चित्र अडखळते. लॅपटॉप जोडला आणि अंधारातले सगळे तपशील काळ्यात बुडाले, किंवा उलट काळा रंग राखाडी दिसू लागला, तर एका बाजूला ० ते २५५ आणि दुसऱ्या बाजूला १६ ते २३५ अशी पातळी धरलेली असते. दोन्हीकडे एकच पातळी ठेवली की काम झाले. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

केबलीचा खरा प्रश्न सुरू होतो तो ती भिंतीत किंवा छतात गेली की. टीव्हीच्या युनिटमध्येच सगळी यंत्रे बसत असतील तर दीड-दोन मीटरची प्रमाणित केबल पुरते आणि तिथे चुकायला फारशी जागा नाही. प्रोजेक्टर आला की हिशेब बदलतो. बाळकुमच्या टॉवरमधला दिवाणखाना साधारण सोळा फूट लांब धरू या. समोरच्या युनिटपासून छतापर्यंत सव्वादोन मीटर, छतावरून मागच्या भिंतीपर्यंत पाच मीटर, कोपऱ्यांचे वळसे आणि पंखा चुकवण्याचे दोन मीटर, दोन्ही टोकांना हाताळण्यापुरते अर्धा-अर्धा मीटर. सरळ मोजले तर पाच मीटरचे अंतर, केबल मात्र दहा मीटरहून थोडी जास्तच लागते. तांब्याच्या साध्या केबलीवर १८ गिगाबिट पाच मीटरपर्यंत भरवशाने जातात. ४८ गिगाबिटला तेवढाही भरवसा नाही. म्हणजे प्रोजेक्टरच्या घरात तांब्याची केबल सुरुवातीलाच बाद ठरते. नेमकी तीच ठेकेदार टाकतात, कारण ती सहज मिळते.

प्रस्तुत लेखकाच्या बाळकुममधील घरात हेच घडले. फॉल्स सीलिंगचे काम चालू असताना ठेकेदाराने पंधरा मीटरची जाड तांब्याची केबल पीओपीच्या वर मोकळीच सोडली. पाइप घातला नाही. छत बंद करण्यापूर्वी सेट-टॉप बॉक्स लावून चाचणी झाली. चित्र स्वच्छ आले, सर्वांच्या संमतीने पीओपी बंद झाला आणि रंगही लागला. पुढे प्रोजेक्टर ४केचा आला, स्ट्रीमिंगचा खोका लागला, आणि पडद्यावर पांढरे ठिपके तुटून पडू लागले. एखादा गाजलेला प्रसंग ऐन रंगात आला की पडदा काळा. चाचणी सव्वादोन गिगाबिटवर झाली होती, काम अठराचे होते. खोका १०८०पीवर उतरवला की सगळे सुरळीत चाले, म्हणजे ४केचा प्रोजेक्टर कित्येक महिने निम्म्याहून कमी चित्र दाखवत राहिला. शेवटी छताला दोन ठिकाणी भोके पाडून, जुन्याच केबलीच्या टोकाला नवी बांधून ती ओढावी लागली. मधे एका क्लिपपाशी ती अडकली, तिसरे भोक पडले. पीओपीवाला, रंगारी आणि धूळ यांचा खर्च नव्या केबलीच्या किमतीपेक्षा जास्त झाला.

नवी केबल म्हणजे ऑप्टिकल एचडीएमआय. तिच्यात काचेच्या तंतूंतून प्रकाशाने माहिती जाते, आणि दहा-पंधरा मीटर हे तिच्या लेखी काहीच अंतर नाही. तांब्याच्या केबलीपेक्षा ती बारीक आणि लवचीक असते, पण तिचे काही नियम आहेत. तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेले असते. उलटी टाकली तर चित्र येत नाही, आणि छत बंद झाल्यावर हे कळणे म्हणजे पुन्हा छत फोडणे. तिला काटकोनात मुडपू नये. तंतू तुटला की जोडता येत नाही. ओढताना जोर टोकावर न देता केबलीच्या अंगावर यावा, यासाठी चिकटपट्टी टोकाच्या बऱ्याच मागेपर्यंत गुंडाळावी. काही केबलींची मोठी टोके सुटी होतात आणि आत लहान टोक राहते. पाइपातून ओढायची असेल तर तीच घ्यावी. टीव्हीपासून दूर ठेवलेल्या रिसीव्हरसाठी ती वापरायची असेल तर एआरसी चालते का, हे वेष्टनावर पाहून घ्यावे. सगळ्यांत चालत नाही. आणि आत टाकण्यापूर्वी जमिनीवर वेटोळे ठेवूनच, प्रत्यक्ष ज्या खोक्याने चालवायचे त्या खोक्याने, ४के ६० चौकटी आणि एचडीआर लावून एक पूर्ण चित्रपट चालवून पाहावा. टीव्हीच्या किंवा प्रोजेक्टरच्या माहिती-पडद्यावर ३८४० गुणिले २१६० आणि ६० हर्ट्झ असे आकडे दिसले पाहिजेत. नुसते चित्र आले म्हणजे चाचणी झाली असे नाही.

पाइपाचा प्रश्न या भागात विशेष नाजूक आहे. कापूरबावडीकडून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, बाळकुम-कोलशेत पट्ट्यात उभ्या राहिलेल्या टॉवरांपैकी बरेचसे मिवान पद्धतीचे आहेत. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकसंध काँक्रीटचे ओतलेले. अशा घरात विटेची भिंत जवळपास नसतेच, त्यामुळे झिरी मारून पाइप बसवण्याचा जुना उपाय बाद होतो. भिंत इमारतीचा भार वाहते, आतल्या सळया कापल्या जाण्याचा धोका असतो आणि सोसायटीही परवानगी देत नाही. बिल्डरने काँक्रीट ओतण्याआधी जे पाइप ठेवले तेवढेच. त्यांपैकी टीव्ही पॉइंटकडे जाणारा पाइप सहसा पाऊण इंची असतो, डिशची कोअ‍ॅक्स वायर आणि एखादी कॅट-६ जाईल एवढाच. एचडीएमआयच्या टोकाचे प्लास्टिकचे वेष्टन साधारण वीस मिलिमीटर रुंद असते. पाऊण इंची पाइपातून ते जात नाही आणि एक इंची पाइपात पहिल्याच एल्बोला अडकते. म्हणून अशा घरात वाट दोनच ठिकाणी मिळते : टीव्हीच्या मागे उभारलेल्या लाकडी पॅनेलच्या पोकळीत आणि फॉल्स सीलिंगच्या वर. तिथे सव्वा इंची पाइप घालावा, एल्बोऐवजी लांब बेंड वापरावेत आणि पुढे केबल ओढण्यासाठी पाइपात जीआय तार सोडून ठेवावी. जीआय तारेला जवळजवळ काही खर्च येत नाही. विजेच्या तारा त्याच पाइपातून नेऊ नयेत. इंटिरियरवाल्याला हे तोंडी सांगून भागत नाही. आराखड्यावर लाल पेनाने लिहून द्यावे आणि पीओपी चढण्याच्या दिवशी स्वतः हजर राहावे.

बिल्डरने टाकलेली कॅट-६ वायर काही वेळा अडचणीतून सोडवते. एचडीबेसटी पद्धतीचे दोन डबे घेऊन, एक युनिटपाशी आणि एक प्रोजेक्टरपाशी लावले, तर त्या वायरीतून चित्र जाते; तांब्याच्या एचडीएमआयपेक्षा कितीतरी लांब. अट एवढीच की वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असावी, मधे राउटर किंवा स्विच नसावा, आणि ती शुद्ध तांब्याची असावी, अ‍ॅल्युमिनियमवर तांबे चढवलेली नसावी. डबे घेताना १८ गिगाबिटचे आहेत की १०.२ चे, हे विचारून घ्यावे. स्वस्त डबे १०८०पीवर थांबतात.

बाळकुम गावठाणातली जुनी बैठी घरे, डोंबिवलीतल्या जुन्या ओनरशिपच्या इमारती आणि सगळीकडची भाड्याची घरे यांना हा व्याप नको. तिथे भिंतीवरून केसिंग पट्टी न्यावी. दिसायला साधी, पण उघडून केबल बदलता येते, हा तिचा मोठा गुण. खरे तर भाड्याच्या घरात प्रोजेक्टरपेक्षा मोठा टीव्ही आणि दोन मीटरची केबल हा जास्त शहाणपणाचा सौदा आहे.

एचडीएमआयची पोर्टे जळणे, हा या भागातला नेहमीचा अपघात. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साऊंडबार यांतली बरीच यंत्रे दोन पिनांची असतात, त्यांना अर्थिंग नसते. त्यांच्या आतल्या फिल्टरमधून धातूच्या भागावर थोडा दाब येऊन बसतो. टीव्हीच्या पाठीमागे हात घालताना बोटांना जी झिणझिणी येते ती त्याची. त्यात केबलवाल्याची कोअ‍ॅक्स वायर इमारतींच्या गच्च्यांवरून येते आणि आपल्याबरोबर दुसरीकडचा दाब घेऊन येते. चालू यंत्रात एचडीएमआय खोचताना हा दाब नाजूक पिनांवर उतरतो आणि पोर्ट जाते, कधी आख्खा बोर्ड. म्हणून जोडणी करताना सगळी यंत्रे भिंतीच्या बटणापासून बंद करावीत, कोअ‍ॅक्स आधी काढावी, एचडीएमआय लावून झाल्यावर ती शेवटी लावावी. सगळ्या यंत्रांना एकाच पॉइंटवरून, अर्थिंग असलेल्या पट्टीतून वीज द्यावी. मेअखेरीच्या वळवात आणि परतीच्या पावसात कडकडाट सुरू झाला की नुसता रिमोट दाबून उपयोग नाही. प्लग आणि कोअ‍ॅक्स दोन्ही उपसावीत.

बिनतारी वाटेबद्दल गैरसमज आहेत. मोबाइलवरचे चित्र टीव्हीवर ‘कास्ट’ केले की अनेक अ‍ॅपांत मोबाइल फक्त हुकूम देतो आणि टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून चित्र ओढतो. अशा वेळी दर्जा पूर्ण मिळतो. मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर उमटवणे ही वेगळी गोष्ट. त्यात चित्र दाबून, हवेतून, उशिराने येते. टॉवरमध्ये भोवतालच्या वीस घरांचे वाय-फाय एकाच पट्ट्यात गर्दी करत असते, तेव्हा ते अडखळतेही. लग्नाचे फोटो दाखवायला ठीक आहे. चित्रपटासाठी टीव्हीतले अ‍ॅप किंवा तारेने जोडलेला खोका हाच मार्ग धरावा, आणि जमल्यास खोक्याला इंटरनेटही कॅट-६ नेच द्यावे.

एचडीएमआयची २.२ ही पुढची आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. तिचा वेग ९६ गिगाबिटचा आहे आणि तिच्यासाठी ‘अल्ट्रा९६’ नावाच्या केबलींचा नवा वर्ग ठरवला आहे. आजच्या कोणत्याही चित्रपटाला, डिस्कला किंवा स्ट्रीमिंगला तेवढा वेग लागत नाही, त्यामुळे तिच्यासाठी खरेदी थांबवण्याचे कारण नाही. टीव्हीजवळच्या खोक्याला प्रमाणित प्रीमियम केबल, नव्या गेमिंग यंत्राला अल्ट्रा, प्रोजेक्टरला ऑप्टिकल, एवढी खरेदी आज पुरेशी आहे. पुढे कधी जास्त वेगाची गरज पडलीच, तर ज्या घरात सव्वा इंची पाइप आणि जीआय तार आहे तिथे नवी केबल अर्ध्या तासात ओढली जाईल. बाकीच्यांना पीओपीवाला बोलवावा लागेल.